रात्री बारानंतरचा पाहुणा

माणूस गाढ झोपेत असताना कायदा मोडू शकतो का? परदेशात टुरिस्ट व्हिसावर असेल तर मोडू शकतो, आणि तोही कूस न बदलता. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून न्यू जर्सीला गेलेली आई वरच्या खोलीत झोपलेली असते. तिच्या मुक्कामाची शेवटची तारीख त्या रात्री संपते. अकरा एकोणसाठपर्यंत ती रीतसर पाहुणी असते आणि बारा वाजले की बेकायदा. तिने काहीही केलेलं नसतं. इतर नियम मोडायला काहीतरी हालचाल करावी लागते, सिग्नल तोडावा लागतो, भिंत ओलांडावी लागते. इथे नुसतं जागच्या जागी राहणं पुरतं.

सकाळी दारावर पोलीस येत नाहीत. चहा होतो, बाळाची आंघोळ होते, दिवस कालच्यासारखाच जातो. तरीही कुठल्यातरी संगणकात या बाईंच्या नावापुढे काहीतरी बदललेलं असतं आणि ते पुढे वर्षानुवर्षं पुसलं जात नाही. हे मोजमाप कोण ठेवतं आणि कसं, हे पाहायला लागलं की थक्क व्हायला होतं. कारण देशोदेशींच्या सरकारांनी वेळ मोजायच्या ज्या तऱ्हा शोधून काढल्या आहेत, त्या आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी फारशा जुळत नाहीत.

अमेरिकेपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडच्या आईवडिलांचा सगळ्यात मोठा राबता तिकडेच. भारतीयांना अमेरिकेचा पर्यटक व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो. तो मिळाला की घरात पेढे येतात, आणि गोंधळाची सुरुवातही तिथेच होते. त्या स्टिकरवरची तारीख मुक्कामाची नसतेच. या तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या दारात येऊन बेल वाजवू शकता, एवढाच तिचा अर्थ. आत किती दिवस राहायचं, ते दार उघडणारा ठरवतो. विमानतळावरच्या काउंटरमागचा अधिकारी ‘कोणाकडे आलात, किती दिवस राहणार’ असे दोन-चार प्रश्न विचारतो आणि एक तारीख नोंदवतो. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल तर तारीख तिथेच छाटली गेली, असंही होतं. या नोंदीचं नाव आय-९४. तुमचं सगळं भवितव्य या तारखेवर लटकलेलं असतं, दहा वर्षांच्या स्टिकरवर नव्हे.

पूर्वी आय-९४ हे एक छोटं पांढरं कार्ड असायचं आणि ते पासपोर्टच्या पानाला स्टेपल केलेलं असायचं. हरवलं तर धावपळ व्हायची, पण निदान डोळ्यांसमोर असायचं. २०१३ च्या वसंतात विमानतळांवर आणि बंदरांवर हे कागद देणं बंद झालं. आता नोंद फक्त संगणकात असते. पुढे कित्येक विमानतळांवर पासपोर्टवर शिक्का मारणंही थांबलं. म्हणजे मुक्कामातली सगळ्यात महत्त्वाची तारीख आज तुमच्याजवळच्या एकाही कागदावर नसू शकते. अमेरिकेच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन ती बघावी लागते. नाव, आडनाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि देश भरला की ती दिसते. इथे आपल्या लोकांची एक खास अडचण होते. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लागून येतं, ‘सुनीता रमेश’ असं. शोधताना नुसतं ‘सुनीता’ लिहिलं की संगणक नोंद नाही म्हणून मोकळा होतो आणि घरात घबराट पसरते. पासपोर्टवर जसं आहे तसं पूर्ण नाव घातलं की बहुतेकदा नोंद सापडते.

आता खरी गंमत. मुंबईहून निघताना इमिग्रेशनची रांग असते. अधिकारी चेहरा बघतो, पासपोर्ट बघतो, देश सोडल्याची नोंद होते. अमेरिकेतून निघताना अशी रांगच नसते. सामान द्या, सुरक्षा तपासणी करा, गेटवर जा, विमानात बसा. तुम्ही कधी आलात आणि आज का निघालात, हे विचारायला सरकारचा माणूस काउंटर लावून बसलेला नसतो. पहिल्यांदा परतणाऱ्या कित्येकांना चुकल्यासारखं वाटतं, एखादा टप्पा राहून गेला की काय असं. मग एवढ्या प्रचंड देशाला कळतं तरी कसं कोण गेलं आणि कोण राहिलं?

सांगते विमान कंपनी. प्रवाशांची यादी, म्हणजे नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे क्रमांक, उड्डाणाआधीच सीमा खात्याकडे जाते. तिकडचा संगणक प्रत्येक जाणाऱ्याची जोडी त्याच्या येण्याशी लावत बसतो. अनेक गेटांवर आता कॅमेरेही आहेत आणि चेहरा टिपून ते हीच जोडी पक्की करतात. ज्याची जोडी लागली नाही तो ‘राहिला’. जमिनीवरच्या सीमेवरचा तोडगा तर मला बेहद्द आवडतो. कॅनडाच्या सीमेवर अमेरिकेने बाहेर पडण्याच्या चौक्या उभारल्याच नाहीत. २०१३ पासून दोन्ही देश तिसऱ्या देशांच्या नागरिकांच्या प्रवेशाच्या नोंदी एकमेकांना देऊ लागले. तुम्ही कॅनडात शिरलात की ती नोंद अमेरिकेकडे येते आणि तुम्ही अमेरिका सोडली, असं धरलं जातं. एकाच चौकीत दोन देशांचं काम होतं.

म्हणून काही जण हिशेब मांडतात की नायगाराला गेलोच आहोत, तर कॅनडाचा व्हिसा काढून पलीकडे एक चक्कर मारू, परत आलो की नवे सहा महिने मिळतील. तसं होत नाही. शेजारच्या कॅनडात किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन परतलात तर साधारणपणे जुनीच तारीख चालू राहते. धबधबा मात्र कॅनडाच्या बाजूने जास्त देखणा दिसतो, तेव्हा चक्कर वाया जात नाही.

या जोड्या लावण्याचा हिशेब अमेरिकेचं गृहसुरक्षा खातं अहवालाच्या रूपात छापतं. २०१९ च्या आर्थिक वर्षात विमानाने किंवा जहाजाने आलेल्यांपैकी सुमारे ५ कोटी ५९ लाख जणांची परत जाण्याची वेळ आली होती आणि त्यातले सुमारे ६ लाख ७६ हजार मुदतीत गेले नाहीत. प्रमाण १.२१ टक्के. बातम्यांमधला आरडाओरडा ऐकून ज्यांना वाटतं की निम्मे पाहुणे परतच जात नाहीत, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव वेळेवर जातात. आणखी एक गोष्ट: अमेरिकेत रीतसर येऊन नुसतं मुदतीबाहेर राहणं हा फौजदारी गुन्हा नाही, ते दिवाणी स्वरूपाचं उल्लंघन आहे. त्यासाठी तुरुंगाची शिक्षा होत नाही, पण देशाबाहेर काढता येतं. आणि पुढचं जे होतं ते अनेकांना तुरुंगापेक्षा जड वाटतं.

ते पुढचं म्हणजे १९९६ चा कायदा. बिल क्लिंटन यांनी त्या वर्षी ३० सप्टेंबरला त्यावर सही केली आणि त्यातली दिवस मोजण्याची कलमं १ एप्रिल १९९७ पासून लागू झाली. त्यानंतर अमेरिकेत एका माणसावर एकाच वेळी दोन घड्याळं चालू लागली. पहिलं अगदी कडक आहे. तारखेनंतर एक दिवस जरी राहिलात तरी त्या प्रवासाचा दहा वर्षांचा व्हिसा रद्द समजला जातो आणि नव्या व्हिसासाठी सहसा मायदेशातच अर्ज करावा लागतो. दुसरं घड्याळ बेकायदा मुक्कामाचे दिवस साठवतं. १८० दिवसांच्या वर, पण वर्षाच्या आत गेलात तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा अधिक झालं तर दहा वर्षं. अठरा वर्षांखालच्या मुलांचे दिवस या घड्याळात पडत नाहीत, इतपत दया त्यात आहे.

पण ही बंदी लागते कधी? बेकायदा राहत असताना नाही. बाहेर पडल्यावर! पाय देशाबाहेर पडला की तीन किंवा दहा वर्षांचं दार मागे बंद होतं. लोकांनी निघून जावं म्हणून केलेला कायदा त्यांना जाऊ नका असं सांगतो. चौदा महिने जास्त राहिलेल्या एखाद्या मुलाचे वडील सांगलीत अंथरुणाला खिळले, तर त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात: वडिलांना भेटायचं आणि दहा वर्षं बायकोमुलांपासून लांब राहायचं, किंवा फोनवर अंत्ययात्रा बघायची. कायदा लिहिणाऱ्यांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. दिसूनही त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि मला तो कायदा निष्ठुरच नव्हे, अडाणीही वाटतो.

या कोंडीतून वाट निघालेला एक खटला भारतीयांचाच आहे. भारतातून गेलेलं एक दांपत्य मुदतीबाहेर वर्षापेक्षा जास्त काळ राहिलेलं होतं. नंतर त्यांनी ग्रीन कार्डसाठी अर्ज केला. अर्ज प्रलंबित असताना म्हाताऱ्या आईवडिलांना बघायला ते काही वेळा भारतात येऊन गेले, पण प्रत्येक वेळी परत येण्याची आगाऊ लेखी परवानगी घेऊन. सरकार म्हणालं, बाहेर गेलात ना, मग दहा वर्षांची बंदी लागू. प्रकरण इमिग्रेशनच्या अपील मंडळापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये मंडळाने निकाल दिला की सरकारनेच दिलेल्या परवानगीवर जाऊन आलेल्याला ही बंदी लागत नाही. आईवडिलांना भेटायला गेलेल्या दोन माणसांमुळे कितीतरी अनोळखी लोकांना घरी जाऊन येता आलं.

आणि आता सगळ्यात चक्रावणारी गोष्ट. हेच बेकायदा दिवस काही लोकांच्या बाबतीत ग्रीन कार्डच्या आड येत नाहीत. अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं, आणि ज्यांचा मुलगा किंवा मुलगी नागरिक असून एकवीस वर्षांची झाली आहे असे आईवडील, हे रीतसर तपासणी होऊन आत आलेले असतील तर मुदत उलटूनही देशात राहूनच ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतात. तोच माणूस अर्जाऐवजी विमानात बसला तर दहा वर्षं बाहेर. नाती तीच, दिवस तेवढेच, फरक फक्त तो कुठे उभा आहे याचा. पण म्हणून कोणी ‘आधी फिरायला म्हणून नेऊ, मग बघू’ असा बेत रचू नये. येतानाच कायम राहायचा इरादा होता आणि अधिकाऱ्याला खोटं सांगितलं असं ठरलं, तर त्या खोटेपणाची शिक्षा मुदतीबाहेरच्या मुक्कामापेक्षा कितीतरी मोठी आहे.

मुक्काम खरंच वाढवायचा असेल तर त्यासाठी साधा मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वेळेत वापरतात. आय-५३९ नावाचा अर्ज तारीख संपण्याच्या आत करायचा. निदान पंचेचाळीस दिवस आधी करावा, असं तिथलं खातंच सुचवतं. वेळेत केलेला प्रामाणिक अर्ज प्रलंबित असेपर्यंत ते दुसरं घड्याळ थांबतं. अर्ज नाकारला गेला तर ते दुसऱ्या दिवसापासून चालू होतं. आई अचानक रुग्णालयात गेली, विमानप्रवास अशक्य झाला, म्हणून तारीख हुकली, तर उशिराचा अर्ज स्वीकारण्याचा अधिकारही अधिकाऱ्याला आहे. मात्र कारण आवाक्याबाहेरचं होतं हे कागदांनी दाखवावं लागतं. डॉक्टरची चिठ्ठी, डिस्चार्जचा कागद, रद्द झालेलं तिकीट, काही फेकू नये.

युरोपात गेलं की घड्याळाची रचनाच बदलते. शेंगेन देशांत नियम आहे: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ऐकायला सोपं वाटतं. पण हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात. तुम्ही तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी सरकार मागे वळून आधीचे १८० दिवस बघतं, म्हणजे ही चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

याचा परिणाम किती विलक्षण होतो ते बघा. समजा, ९० दिवसांचा हक्क असलेला एक प्रवासी १ जानेवारी ते १ मार्च २०२६ असे साठ दिवस तिथे राहिला. तो २५ मे रोजी परत आला तर त्याला तीसच दिवस मिळतात, २३ जूनला निघायलाच हवं. पण तोच माणूस एक आठवडा थांबून १ जूनला आला तर तो थेट २९ ऑगस्टपर्यंत राहू शकतो, पूर्ण नव्वद दिवस! कारण जूनच्या शेवटी त्याचे जानेवारीतले जुने दिवस एकेक करून चौकटीबाहेर गळायला लागतात, आणि एक गळला की एक नवा मिळतो. सात दिवस उशीर केल्याबद्दल साठ दिवसांचं बक्षीस. कागद-पेन घेऊन तपासून बघा, मीही दोनदा मोजल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. भारतीय पर्यटकांनी मात्र यावर भिस्त ठेवू नये. आपल्या स्टिकरवर सहसा दिवसांचा आकडा स्वतंत्र छापलेला असतो, पंधरा किंवा तीस वगैरे, आणि आपल्यापुरता तोच खरा.

हा हिशेब पूर्वी शिक्के बघून माणसं करायची. शिक्का पुसट असला, पानावर पान चिकटलं, की कोणाला काही कळायचं नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद सुरू झाली. बोटांचे ठसे आणि चेहरा घेतला जातो, दिवस यंत्रच मोजतं. आल्यागेल्याची नोंद तीन वर्षं राहते, आणि बाहेर गेल्याची नोंद सापडली नाही तर पाच वर्षं.

आशियात हिशेब रोकडा आहे. थायलंडमध्ये जास्तीच्या प्रत्येक दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० बाट. म्हणजे चाळीस दिवसांनंतर दंड वाढायचाच थांबतो. पण २० मार्च २०१६ पासून त्याला बंदीची जोड मिळाली आणि त्यात एक मर्म आहे. आपणहून विमानतळावर येऊन दंड भरला आणि जास्तीचे दिवस नव्वदच्या आत असले तर बंदी नाही. तेच दिवस असताना रस्त्यात पोलिसांनी पकडलं तर पाच वर्षं येता येत नाही. जपानमध्येही तसंच. स्वतःहून खात्यात हजर होणाऱ्यासाठी २००४ पासून वेगळी सोय आहे, अटी पूर्ण होत असतील तर पाच वर्षांऐवजी एकाच वर्षाची बंदी. संयुक्त अरब अमिरातीने तर १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षअखेरपर्यंत माफीचीच मुदत दिली होती, दंड न भरता कागद नीट करा किंवा घरी जा. याउलट सिंगापूर: तिथे नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या पुरुषाला तुरुंग आणि छडीचे किमान तीन फटके, असं कायद्यात लिहिलेलं आहे. पर्यटन जाहिरातीतल्या त्या नीटनेटक्या बागा बघताना हे कोणाच्या मनातही येत नाही.

आणि आपण? गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्काम लांबवणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे किस्से आपण मिटक्या मारत ऐकतो, पण आपला कायदा मवाळ नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतात इमिग्रेशनचा नवा कायदा लागू झाला आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा इतिहासजमा झाला. अमेरिकेत जे दिवाणी आहे ते इथे फौजदारी आहे: मुदतीबाहेर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच सरकारने २०२० च्या टाळेबंदीत अडकलेल्या परदेशी पर्यटकांचे व्हिसा मात्र पुन्हा पुन्हा वाढवून दिले होते. विमानंच बंद, तर जाणार कुठे?

तेव्हा आईबाबा अमेरिकेत पोचले, जेटलॅग उतरला, की मुलामुलींनी एक काम करावं. आय-९४ वरची तारीख काढून तिचा कागद छापावा, पासपोर्टमध्ये ठेवावा आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या चार दिवस आधीचं आहे ना ते बघावं. जास्त दिवस लागणार असतील तर अर्ज तारखेच्या आत करावा. आणि तारीख उलटून महिने झाले असतील, तर घाबरून लगेच तिकीट काढू नये, आधी इमिग्रेशनच्या चांगल्या वकिलाला गाठावं. कारण अमेरिकेत तरी बंदी लागते ती निघाल्यावर.